झेंडा मागून आला

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला तिथले लोक ‘अजब बंगला’ म्हणतात. 1863 साली स्थापन झालेल्या या संस्थेचे पाटीवरचे नाव सरकारने दिले. ‘अजब’ हा शब्द मात्र पाहणाऱ्यांचा. संग्रहालयाच्या यशापयशाचा निवाडा अखेर याच शब्दाने व्हावयाचा असतो. आत शिरलेला माणूस बाहेर पडताना थोडा तरी चकित झाला आहे काय, एवढेच विचारावे.

हा प्रश्न मला स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवात फार छळू लागला. त्या निमित्ताने गावोगाव प्रदर्शने भरली. मराठवाड्यातल्या अशाच एका प्रदर्शनाला मी गेलो होतो. रोषणाई झकास, दारात रांगोळी, सनईची तबकडी चालू. आत 1857 पासून 1947 पर्यंत फलकांची रांग. शेवटी तिरंग्याचे भले मोठे चित्र, आणि लगेच बाहेर जाण्याचे दार. माझ्यापुढे भोकरदनकडच्या एक आजी नातीचे बोट धरून चालल्या होत्या. नात मोठ्याने वाचीत होती : ‘15 ऑगस्ट 1947 रोजी सारा देश स्वतंत्र झाला.’

आजी थबकल्या. म्हणाल्या, “पोरी, आमच्याकडं तवा निजाम होता. झेंडा मागून आला.”

नातीने आजीकडे पाहिले, फलकाकडे पाहिले, आणि फलकावर विश्वास ठेवला. छापील अक्षराचा दराराच तसा असतो! दोघी त्या दाराने बाहेर पडल्या.

आता खरे पाहता आजींचेच बरोबर होते. 15 ऑगस्ट 1947 ला भोकरदन हैदराबाद संस्थानात होते. तिथे तिरंगा लावणे हा गुन्हा होता; स्वामी रामानंद तीर्थांसारखे नेते तुरुंगात गेले. पुढे 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सेना संस्थानात शिरली आणि 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. म्हणजे स्वातंत्र्याला या मुलखात पोहोचायला तेरा महिने लागले. राष्ट्राच्या स्वातंत्र्याला 75 वर्षे झाली 2022 मध्ये, मराठवाड्याच्या मुक्तीला 2023 मध्ये.

कुणी म्हणेल, एका ओळीची चूक, एवढे काय मनावर घ्यायचे? पण ही हस्तदोषाची चूक नव्हे. वर्षदिनाचे प्रदर्शन म्हणजे तयार उत्तर, आणि पाहुण्याने ते वाचून मान डोलवावयाची, या समजुतीतून ती आली आहे. ज्या आजींना त्या दालनात खुर्ची देऊन बोलते करायला हवे होते, त्यांनाच आपण गप्प केले. त्या बोलत्या, तर सगळेच गोड बोलत्या असे नाही. रझाकारांच्या भीतीने घरदार सोडलेली माणसे आठवली असती, तशी पोलिस कारवाईनंतर ज्या निरपराध मुसलमान कुटुंबांवर अनर्थ ओढवला तीही आठवली असती. सणाच्या दिवशी हे कशाला, असे वाटेल. पण ज्या घरात वडीलधाऱ्यांचे दुःख ऐकून घेतात, त्याच घरातला सण खरा.

वर्षदिन नीट साजरा करण्याचे उदाहरण आपल्याकडे नाही असे नव्हे. स्वातंत्र्याच्या 70 व्या वर्षी, 2017 च्या नोव्हेंबरात, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय आणि लंडनचे ब्रिटिश म्युझियम यांच्या सहकार्याने एक प्रदर्शन भरविले : भारत आणि जग, नऊ गोष्टींत. आपल्या वस्तूशेजारी परक्या देशाची वस्तू ठेवायची आणि पाहणाऱ्याला दोन्हींकडे आळीपाळीने बघू द्यायचे, ही त्यातली युक्ती. रेम्ब्रांट या डच चित्रकाराने मोगल चित्र पाहून केलेले रेखाटन तिथे होते. कोण कुणाकडून शिकला, याचा विचार पाहणाऱ्याने स्वतः करावयाचा. अभिमान तिथेही होता; पण तो फलकावर लिहून ठेवलेला नव्हता.

मग वाटते, ही युक्ती भोकरदनला का साधू नये? केळणा नदीकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन, उज्जयिनीहून पैठणकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचे. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत भोगवर्धनची माणसे आहेत. शिलालेखच तसे सांगतात. नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी 1973 साली इथे उत्खनन केले. त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भग्न भाग मिळाला. तिच्याशी जवळचे साम्य असलेली मूर्ती कुठे सापडावी? इटलीतल्या पाँपेईत! इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या शहरात 1938 साली मिळालेली ही मूर्ती वीतभराहून किंचित उंच आहे. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात असते. ती भोकरदनकडेच घडली, असे काही अभ्यासक मानतात. पण तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर कोरलेले आहे, आणि ती लिपी तर वायव्येकडची. वाद मिटलेला नाही. उत्तमच! हाच वाद, दोन्ही मूर्तींची चित्रे शेजारी ठेवून, भोकरदनच्या शाळेतल्या मुलांपुढे मांडा. आपल्या गावाचा जगाशी संबंध होता, हे त्यांना सांगावे लागणार नाही. ती आपणहून भांडू लागतील. त्यासाठी टोलेजंग इमारतही नको. त्याच मुंबईच्या संस्थेने 2015 पासून बसमध्ये फिरते संग्रहालय चालविले आहे.

आणि वस्तू काही केवळ जमिनीखालीच नसतात. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने जे संग्रहालय उभे केले, त्यात दिवे आहेत, अडकित्ते आहेत, स्वयंपाकघरातली भांडी आहेत. ‘अशी आमच्याकडे होती,’ असे एखादी गृहिणी तिथे म्हणते, तेव्हा त्या वस्तूच्या जोडीला एक आठवण जमा होते. पाहुणा तिथे रिकाम्या हाताने येत नाही.

दिवाळीची साफसफाई करताना मराठवाड्यातल्या एखाद्या घरात माळ्यावरून पत्र्याचा डबा खाली येतो. त्यात चारमिनार असलेला हाली सिक्का निघतो. निजामाचे राज्य गेल्यावरही काही वर्षे तो चालत होता. पोरे विचारतात, हा कुठल्या देशाचा? त्या एका प्रश्नात 15 ऑगस्ट आणि 17 सप्टेंबर, दोन्ही दिवस सामावलेले असतात.

पुढल्या वर्षदिनाला संग्रहालयाने फलक थोडे कमी करावेत, आणि दारावर एवढेच लिहावे : ‘तुमच्याकडे झेंडा केव्हा आला?’ मग आजींना खुर्ची द्यावी. नात ऐकील.