प्रा. धनंजयराव गाडगीळ : संस्थाचालन आणि संघराज्यविचार – एक चिकित्सा

प्रा. धनंजय रामचंद्र गाडगीळ (१९०१-१९७१) यांचे नाव प्रामुख्याने अर्थतज्ज्ञ म्हणून घेतले जाते. त्यामुळे त्यांच्या कार्याची दोन अंगे, शैक्षणिक संस्थांचे संचालन व राज्यव्यवस्थेचे संशोधन, काहीशी दुर्लक्षित राहिली. या दोहोंच्या परस्परसंबंधाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संस्थाचालन : रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. १९६६ पर्यंत गाडगीळ तिचे संचालक होते. वाई तालुक्यातील शेती, पुणे शहरातील कुटुंबे यांच्या प्रत्यक्ष पाहण्या करून संस्थेने संशोधनाची शिस्त घालून दिली. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी १९६६-६७ मध्ये भूषविले. परंतु १९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. म्हणूनच त्यांच्या शैक्षणिक नेतृत्वाचे मूल्यमापन कुलगुरुपदाच्या अल्पकाळावरून न करता गोखले संस्थेतील छत्तीस वर्षांवरून करणे न्याय्य ठरते.

संघराज्यविचार : ‘फेडरेटिंग इंडिया’ (१९४५) व ‘द फेडरल प्रॉब्लेम इन इंडिया’ (१९४७) या ग्रंथांत त्यांनी संघराज्याच्या रचनेचा प्रश्न हाताळला. पुढे १९६९ च्या ‘गाडगीळ सूत्रा’ने त्या चिंतनाला प्रशासकीय रूप लाभले. आसाम, नागालँड व जम्मू-काश्मीर यांच्या गरजा प्रथम भागवून उर्वरित केंद्रीय साहाय्याचे वाटप ठरले : लोकसंख्येस ६० टक्के, राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी दरडोई उत्पन्न, करविषयक प्रयत्न, चालू मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि विशेष समस्या यांस प्रत्येकी १० टक्के. केंद्राच्या मर्जीऐवजी जाहीर निकष आले, हे या सूत्राचे खरे श्रेय होय.

मर्यादा : तथापि दारिद्र्यास केवळ दशांश महत्त्व मिळाले. शिवाय सूत्राचे एकक राज्य होते; राज्यांतर्गत विषमता त्याच्या कक्षेबाहेर राहिली. ही उणीव गाडगीळांचे संस्थेतील उत्तराधिकारी प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये जिल्हावार अनुशेष मोजून काही अंशी दूर केली. परंतु जिल्ह्याची सरासरीही फसवी असू शकते. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील कारेगाव हे याचे बोलके उदाहरण आहे. पर्जन्यछायेतील या भागात रांजणगाव औद्योगिक वसाहतीचे कारखाने आणि पावसाच्या भरवशावरील शेती एकमेकांस लागून आहेत. कारखान्यांच्या उत्पादनाने जिल्ह्याची सरासरी उंचावते. जिरायत शेतकऱ्याची स्थिती मात्र त्या आकड्यातून उमगत नाही.

निष्कर्ष : संशोधक गाडगीळ घरोघरी व शेतोशेती पोहोचले, नियोजक गाडगिळांना राज्यापाशी थांबावे लागले. हे अंतर त्यांच्या व्यक्तिगत उणिवेपेक्षा केंद्र-राज्य व्यवहाराच्या चौकटीतून निर्माण झाले. २०१५ मध्ये नियोजन आयोगाची जागा नीती आयोगाने घेतली. परंतु निधीवाटपाचे एकक कोणते असावे, हा प्रश्न सुटलेला नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी ग्रामीण महाविद्यालयांतील अभ्यासकांनी आपल्या परिसराच्या पाहण्या हाती घेणे, हाच गाडगिळांच्या परंपरेचा सार्थ विस्तार ठरेल.