रेकॉर्ड संपतं तिथून पुढे: मारीझ काँदे यांची ‘तितुबा’

डेटा नसेल तिथे काय करायचं? रिसर्चला सुरुवात करण्याआधी हा प्रश्न पडायलाच हवा. सायन्सवाल्यांनाही. म्हणूनच आज पेपरऐवजी एका कादंबरीबद्दल लिहितेय: मारीझ काँदे यांची १९८६ची फ्रेंच कादंबरी ‘मी, तितुबा: सेलमची काळी चेटकीण’.

काँदे (१९३४-२०२४) ग्वादलूपच्या. कॅरिबियनमधलं हे बेट आजही फ्रान्सचा भाग आहे. गिनी, घाना, सेनेगल असा मुक्काम करत त्या पॅरिसला आल्या. सोरबोनमधली त्यांची पीएचडी होती कॅरिबियन साहित्यातल्या काळ्या माणसांच्या साचेबद्ध प्रतिमांवर. पहिली कादंबरी आली १९७६ साली, म्हणजे बेचाळिशीत.

तितुबा ही खरी बाई होती. १६९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला चेटकिणींचे खटले सुरू झाले, तेव्हाच्या पहिल्या तीन आरोपींपैकी एक. सॅम्युअल पॅरिस या पाद्र्याच्या घरातली गुलाम. तिची जबानी कागदावर आहे. वर्षभराहून जास्त तुरुंगवास झाला, मग तुरुंगाचा खर्च भरून कुणीतरी तिला विकत घेतलं. त्यानंतर रेकॉर्ड गप्प.

ही रिकामी जागा काँदे भरतात. बार्बाडोसमधलं बालपण, झाडपाला शिकवणारी मामा याया, शेवटी बेटावर परतणं, उठाव आणि फाशी. पण कागद कुठे संपतो आणि कल्पना कुठे सुरू होते, हे त्या लपवत नाहीत. जबानीचा उतारा मूळ कागदपत्रांतला आहे, असं तळटीप सांगते. शेवट आपण आपल्या मर्जीने दिलाय, हे अखेरच्या टिपणात येतं. आणि तुरुंगात तितुबाला भेटते कोण? हेस्टर! म्हणजे हॉथॉर्नच्या १८५०च्या ‘द स्कार्लेट लेटर’ची नायिका, तीही चक्क विसाव्या शतकातल्या स्त्रीवादाची भाषा बोलणारी. हे खटकू शकतं. मला मात्र हाच पुस्तकाचा प्रामाणिकपणा वाटतो. हेस्टरला भेटल्यावर कुणी याला इतिहास समजणारच नाही. सिम्युलेटेड डेटावर मोठ्या अक्षरात ‘सिम्युलेटेड’ लिहावं, तसं हे आहे.

एका ठिकाणी मात्र हे लेबल गळून पडतं. कोर्टाच्या कागदांत तितुबाची नोंद ‘इंडियन’ अशी आहे, म्हणजे अमेरिका खंडातली मूळनिवासी. ती काळी झाली ती नंतरच्या लेखकांच्या हातून. आर्थर मिलरच्या १९५३च्या ‘द क्रूसिबल’ नाटकातही ती काळी गुलामच आहे. १९७४ मध्ये चॅडविक हॅन्सन या अभ्यासकाने हा बदल टप्प्याटप्प्याने दाखवून दिला होता. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उचललं, तिसऱ्याला मूळ कागद बघायची गरजच वाटली नाही. आपल्या साइटेशनच्या साखळ्याही अशाच लांबत जातात की!

कादंबरीकार म्हणून काँदेंना तितुबाला काळी करायचा पूर्ण हक्क आहे. गुलामगिरीच्या इतिहासातून पुसल्या गेलेल्या बायकांना आवाज द्यायचा तर हा निर्णय समजतोही. पण एक पुसलेली ओळख भरताना दुसरी पुसली गेली, आणि तिथे हेस्टरसारखी खूण नाही. पुस्तक मोठं आहे, म्हणून तर ही उणीव जास्त बोचते.

कादंबरी जरूर वाचा. वाचताना प्रत्येक पानाला एकच प्रश्न विचारा: हे कागदावरचं की काँदेंचं? आणि मग तोच प्रश्न स्वतःच्या लिटरेचर रिव्ह्यूलाही विचारा.