कुलाब्याचा दिवा : एक कालविपर्यास

मुंबईच्या दक्षिण टोंकास, प्राँग्सच्या खडकावर उभ्या असलेल्या दीपगृहाविषयीं लिहूं लागलें कीं गोविंद नारायण माडगांवकर यांच्या ‘मुंबईचें वर्णन’ या ग्रंथाकडे हात सहज वळतो. मुंबईवरील हा आद्य मराठी ग्रंथ. त्याची योग्यता आम्हांस मान्यच आहे. परंतु तो छापला गेला १८६३ सालीं, ग्रंथकार निवर्तले १८६५ सालीं, आणि टॉमस ऑर्मिस्टन यांनीं बांधलेलें प्राँग्सचें दीपगृह पुरें झालें १८७५ सालीं! तेव्हां त्या ग्रंथांतील कोणतेंही वचन या मनोऱ्यास लावणें सर्वथा अग्राह्य होय. त्या वेळचा दिवा म्हणजे अठराव्या शतकापासूनचा कुलाब्याचा जुना मनोरा. त्याच्यापुरती मात्र माडगांवकरांची साक्ष समकालीन होय.

दुसरा घोंटाळा नांवाचा. आंग्र्यांच्या कागदांत ‘कुलाबा’ आढळला तर तो अलिबागचा जलदुर्ग समजावा, मुंबईचें बेट नव्हे. दप्तरांच्या याद्या करणारांनीं एवढी खबरदारी न घेतल्यास एका बंदराचा कागद दुसऱ्याच्या रुमालांत जाऊन पडेल, आणि एकदां पडलेला कागद बाहेर काढणें किती दुर्घट असतें हें आमच्या वाचकांस सांगणें नलगे.

खांदेरीविषयीं तर अधिकच सावध असलें पाहिजे. तेथील दीपगृहास कान्होजी आंग्रे यांचें नांव दिलें आहे. नांव गौरवाचें आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. पण कान्होजी १७२९ सालीं वारले आणि दीपगृह १८६७ सालचें आहे. बेटावर तटबंदी आरंभिली ती शिवाजी महाराजांनीं, १६७९ सालीं. ती मोडून काढण्यासाठीं मुंबईकर इंग्रजांनीं आपलीं जहाजें पाठविलीं, सिद्दीचें साह्य घेतलें, तरी बेट हातीं आलें नाहीं. सिद्दीनें शेजारच्या उंदेरीवर ठाणें दिलें एवढेंच. पुढें मराठी राज्य बुडाल्यावर खांदेरी इंग्रजांकडे गेली, आणि मुंबईस येणाऱ्या जहाजांकरितां त्यांनींच तेथें दिवा लाविला. म्हणजे किल्ला, आरमारी लौकिक आणि दिवा हीं तीन निरनिराळ्या काळांचीं कामें असून एकाच नांवाखालीं गोळा झालीं आहेत.

जुलै २०२५ मध्यें जागतिक वारसास्थळांत नोंदल्या गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरीचाही समावेश झाला. आतां माहितीपत्रकें पुष्कळ निघतील. त्यांच्या लेखकांनीं दिव्याच्या सालाची नोंद किल्ल्याच्या सालापासून वेगळी छापावी, एवढीच आमची विनंति आहे.