राहण्याचा निर्णय

रक्तसाक्ष्यांच्या कथा आपण बहुधा शेवटापासून सांगतो. छळ किती झाला, मृत्यू कसा आला, हे आधी; माणूस मागाहून. त्यामुळे रक्तसाक्षी जन्मतःच निर्भय होता असा समज रुजतो आणि तो आपल्यापासून दूर जातो. झाव्हिए बोव्हुआ या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘ऑफ गॉड्स अँड मेन’ (२०१०) हा चित्रपट हे अंतर पुसून टाकतो.

मूळ घटना अशी : अल्जीरियातील मेदेआ शहराजवळच्या तिबिरीन मठातून २६ व २७ मार्च १९९६ दरम्यानच्या रात्री सात ट्रॅपिस्ट मठवासींना पळवून नेण्यात आले. मे महिन्यात त्यांच्या मृत्यूची वार्ता आली. तो नेमका कोणाच्या हातून झाला, हा वाद अजून मिटलेला नाही. ८ डिसेंबर २०१८ रोजी ओरान येथे बिशप पिएर क्लाव्हेरी व अन्य अकरा जणांसह त्यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले.

चित्रपट हत्या दाखवीत नाही. बर्फातून चालणारी माणसे हळूहळू दिसेनाशी होतात, एवढेच. त्याचे खरे कथानक म्हणजे एक प्रश्न : जावे की राहावे? मठप्रमुख क्रिस्तियाँ सैनिकी संरक्षण परस्पर नाकारतात, तेव्हा बंधू त्यांना जाब विचारतात. पहिल्या बैठकीत मते दुभंगतात. क्रिस्तोफ रात्रीच्या अंधारात देवाला आर्त हाका मारतो. मठवासी स्वतःची तुलना फांदीवरच्या पाखरांशी करतात, तर गावातील एक स्त्री ती उपमाच उलटवते : फांदी तर तुम्हीच. पुढे होणारे एकमत हुकमाने लादलेले नाही. ते प्रार्थनेत, कामात आणि शेजाऱ्यांच्या सहवासात पिकत गेले आहे. म्हणूनच ते खरे वाटते.

शेवटच्या भोजनाच्या प्रसंगी वृद्ध वैद्य ल्यूक (मायकेल लॉन्सडेल) ‘स्वान लेक’चे संगीत लावतात आणि कॅमेरा एकेका चेहऱ्यावर थांबतो. प्रभुभोजनाचे हे प्रतीक फारच उघड आहे, असा आक्षेप घेता येईल. मलाही ते संगीत क्षणभर जड वाटले. परंतु त्या चेहऱ्यांवरचे हसू पाहता पाहता आसवांत उतरते, तेव्हा आक्षेप विरतो. भीती गेलेली नाही. ती आता वाटून घेतली गेली आहे.

एक उणीव मात्र खटकते. तरुण क्रिस्तियाँ अल्जीरियात लष्करी सेवेत असताना एका मुसलमान स्नेह्याने त्यांचे रक्षण केले आणि त्यापायी स्वतःचे प्राण गमावले. हे मूळ चित्रपट सांगत नाही. ते आले असते, तर मठवासींचे राहणे हा गावावरचा उपकार नव्हता, त्यात जुन्या ऋणाची फेडही होती, हे कळले असते.

क्रिस्तियाँनी १९९३–९४ मध्ये लिहून ठेवलेल्या मृत्युपत्रात आपल्या संभाव्य मारेकऱ्यालाही मित्र मानून क्षमा केली आहे. चित्रपटाच्या अखेरीस ते शब्द ऐकू येतात. हल्ल्याची वार्ता आली की आपण मेणबत्त्या लावतो, मिस्सामध्ये प्रार्थना करतो. ते योग्यच आहे. पण ऐक्याची कसोटी त्यानंतर लागते : संशयाने पाहावेसे वाटणाऱ्या शेजाऱ्याच्या दारी आपण पुन्हा जातो का? मुलांसोबत हा चित्रपट पाहावा आणि घरी या प्रश्नावर बोलावे. आशेची सुरुवात तेथूनच होते.