रिचर्ड रॉब्सन यांचे जालक-रसायन : एक परामर्श

१९७४ साली मेलबर्न विद्यापीठात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी स्फटिकांच्या लाकडी प्रतिकृती करवून घेताना रिचर्ड रॉब्सन यांना जालक-रसायनाची कल्पना सुचली, ही कथा २०२५ च्या नोबेल पारितोषिकानंतर सर्वतोमुखी झाली आहे. गोळ्यांना भोके कोठे पाडावयाची हे ठरविले की आकृती कशी होणार हेही ठरून जाते, असे त्यांच्या ध्यानी आले. कथा खरी आहे. परंतु तिच्यामुळे रॉब्सन यांच्या कार्याचे मूल्यमापन सुलभ होण्याऐवजी काहीसे दुष्करच झाले आहे. कारण ही कल्पना प्रयोगात उतरावयास एका तपाहून अधिक काळ लागला. हा काळ कथेत एका वाक्यात सरतो.

शिवाय कल्पनेस पूर्वपीठिका होती. ए. एफ्. वेल्स यांनी १९५४ पासून स्फटिकांकडे बिंदू आणि जोडरेषा यांची जाळी म्हणून पाहण्याची दृष्टी दिली होती. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी तांबे व ॲडिपोनायट्राइल यांच्या संयुगात हिऱ्याच्या धर्तीची जाळी एकमेकींत गुंतलेली दाखविली होती. प्रशियन निळ्याचा उल्लेख तर करावयासच नको. मग रॉब्सन यांचे स्वतःचे असे काय? पूर्वसूरींना जी जाळी स्फटिकात आढळली, ती रॉब्सन यांनी आधी कागदावर मांडली आणि मागाहून घडविली. येथेच त्यांचे श्रेय आहे, आणि ते थोडे नाही.

१९८९ मध्ये बी. एफ्. हॉस्किन्स यांच्यासह त्यांनी एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले; १९९० मध्ये त्याचा सविस्तर निबंध आला. चतुष्फलकाच्या चार दिशांना बंध जोडणारा एकसंयुजी तांब्याचा आयन, आणि तशाच चार दिशांना सायनो गट पसरलेले टेट्राफेनिलमिथेन, असे दोन घटक त्यांनी निवडले. अशा मिश्रणातून आकारहीन साका मिळावा, हीच सर्वसाधारण अपेक्षा. प्रत्यक्षात हिऱ्याच्या रचनेची विस्तीर्ण चौकट हाती आली. स्फटिकाच्या घनफळाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग नायट्रोबेंझीन व ऋण आयन यांनी भरलेला होता, आणि हे आयन बाहेरील द्रावणातील आयनांशी बदलता येत होते. हॉस्किन्स यांच्या क्ष-किरण विश्लेषणावाचून हे सिद्धच झाले नसते. पारितोषिकाच्या गजरात त्यांचे नाव मागे पडले, ही गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही.

१९९० च्या निबंधाचा अधिक मोलाचा भाग मात्र निराळाच आहे, आणि तो फारसा वाचला जात नाही. जस्त व कॅडमियम यांची सायनाइडे ही पूर्वी ज्ञात असलेली संयुगे. त्यांत हिऱ्याची दोन जाळी परस्परांत शिरलेली आहेत, असा उलगडा तेथे केला आहे. पाठोपाठ प्रश्न येतो : दुसरे जाळे आत शिरू नये म्हणून काय करावे? तांबे व जस्त यांच्या सायनाइड-चौकटीच्या पोकळ्यांत टेट्रामेथिल-अमोनियमचे आयन बसवून रॉब्सन यांनी एकच जाळे मिळविले. योजना, प्रतिबंध आणि उपाय हे तिन्ही येथे एकत्र पाहावयास मिळतात.

तथापि एक दोष स्पष्ट आहे. या निबंधात अशा पदार्थांना उत्तम स्थैर्य, अल्प घनता व उत्प्रेरकाचे गुण असू शकतील, अशी भाकिते केली होती. स्वतः रॉब्सन यांच्या चौकटी मात्र नाजूक होत्या. त्या सहज ढासळत. भोकांच्या स्थानावरून आकृती कळते, टिकाऊपणा कळत नाही. लाकडी गोळ्यांच्या उपमेची मर्यादा ती हीच. ती ओलांडली इतरांनी : १९९७ मध्ये सुसुमू कितागावा यांनी चौकटीत वायू शोषला जाऊन बाहेरही पडतो हे दाखविले, आणि १९९९ मध्ये ओमर याघी यांनी जस्त-ऑक्सिजनच्या पुंजक्यांवर उभारलेली 'एमओएफ-५' रिकामी असतानाही ३०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकविली. सुटा आयन सांध्यावर ठेवण्याऐवजी ताठ पुंजका ठेवणे, हा विचार रॉब्सन यांच्या योजनेत नव्हता. 'धातु-सेंद्रिय चौकट' हे नावही याघी यांनीच १९९५ मध्ये रूढ केले.

म्हणून रॉब्सन यांस या शाखेचे जनक म्हणणे अर्धसत्य होय, आणि केवळ पूर्वसूचक म्हणणे अन्याय होय. भाकितांतील बरीचशी पुढे खरी ठरली, पण दुसऱ्यांच्या पदार्थांत. त्यांनी नव्याने उलगडलेले जस्त सायनाइड मात्र टिकाऊ निघाले. तापविले असता ते प्रसरण न पावता आकुंचन पावते, असे १९९७ मध्ये आढळून आले.