पुरुषांच्या रांगेतल्या राबिया

हजरत राबिया बसरींच्या गोष्टी आपण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून ऐकलेल्या असतात. जन्माच्या रात्री दिव्यात तेल नव्हते, दुष्काळात त्या सहा दिरहमला विकल्या गेल्या, मालकाला त्यांच्या डोक्यावर अधांतरी कंदील दिसला. या गोष्टी मुख्यतः फरीदुद्दीन अत्तारांच्या 'तजकिरतुल औलिया'मधल्या. राबियांचे निधन इ.स. ८०१चे मानतात, अत्तारांनी लिहिले ते सुमारे चारशे वर्षांनंतर. हसन बसरी पाण्यावर मुसल्ला अंथरतात आणि राबिया हवेत, ही तर सर्वांची लाडकी रिवायत. पण हसन ७२८मध्ये वारले, तेव्हा राबिया अजून लहानच असतील.

अत्तारांच्या मूळ ७२ प्रकरणांत स्वतंत्र प्रकरण मिळालेल्या स्त्री या एकट्याच, आणि तेही खुलाशासह: अल्लाहच्या वाटेवर पुरुषासारखी चालणारी बाई ही बाई म्हणता येत नाही. यात आदर आहेच. किस्सा सांगावा तर अत्तारांनी, हेही खरे. पण या आदरासाठी बाईपण दाराबाहेर ठेवावे लागते.

अत्तारांच्या दोनशे वर्षे आधी निशापूरच्याच अबू अब्दुर्रहमान सुलमींनी (मृत्यू १०२१) केवळ सूफी स्त्रियांवर किताब लिहिली होती. ती हरवली असेच समजत. पुढे रियाधमध्ये हस्तलिखित सापडले आणि १९९३मध्ये काहिऱ्यात छापले गेले. त्यात ऐंशीच्या आसपास स्त्रिया आहेत. अनेकींच्या वाट्याला चार ओळीसुद्धा नाहीत, ही उणीव आहे. पण पहिलीच नोंद राबियांची आहे, आणि तिथे सुफियान सौरींसारखा आलिम त्यांच्याकडे मसला विचारायला येतो. निशापूरच्या फातिमांना जुन्नून मिसरी आपल्या उस्ताद म्हणतात.

मला सर्वांत खटकते ते उम्मे अलींचे. सुलमींकडे त्यांची स्वतःची नोंद आहे. अत्तारांकडे त्याच बाई पती अहमद खिजरवैह यांच्या प्रकरणात येतात, आणि त्यातला लक्षात राहणारा किस्सा पतीला वाटलेल्या मत्सराचा.

यंदा वर्गात मी दोन्ही किताबांतल्या राबिया सांगितल्या. मुलींना कंदील आवडलाच. सुफियान विचारायला येत, हे ऐकल्यावर मात्र एकीने विचारले, "आपा, मग त्या मोठ्या माणसांनाही शिकवायच्या?" कंदिलाच्या गोष्टीवर असा सवाल इतक्या वर्षांत कुणी केला नव्हता.