अनुमस्तिष्क आणि छिन्नमनस्कता : ‘वैचारिक मापभ्रंशा’च्या उपपत्तीचे परीक्षण

छिन्नमनस्कतेचे मूळ ललाटखंडात शोधण्याची परंपरा जुनी आहे. त्या मानाने अनुमस्तिष्क, म्हणजे बोलीतील लहान मेंदू, मानसविकृतीच्या अभ्यासात दीर्घकाळ उपेक्षित राहिला. शरीराचा तोल सांभाळणारे इंद्रिय एवढीच त्याची ओळख होती. वस्तुतः २००९ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार मानवी मेंदूतील सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज पेशी या लहानशा भागातच आहेत. एवढा मोठा संभार केवळ चालण्याफिरण्यासाठी असावा, ही कल्पना मुळातच संशयास्पद होती.

१९९० नंतरच्या दशकात आयोवा विद्यापीठातील नॅन्सी अँड्रीसन यांनी जी उपपत्ती मांडली, तिचे महत्त्व याच संदर्भात आहे. ललाटखंड, थॅलॅमस आणि अनुमस्तिष्क यांना जोडणाऱ्या मंडलात बिघाड झाला की विचारांचा मेळ सुटतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. याच सुमारास जेरेमी श्माहमान यांनीही अनुमस्तिष्काच्या विकारात विचार व भावना यांचे नियमन कसे ढळते, हे दाखविले. दोघांनीही ‘मापभ्रंश’ हा शब्द चेताविज्ञानातून उचलला. रुग्ण नाकाला बोट लावू पाहतो आणि बोट पुढे जाते किंवा अलीकडेच थांबते, तो हा मापभ्रंश.

या उपपत्तीचे सौंदर्य आणि तिची दुर्बलता या एकाच रूपकात आहेत. बोटाचे अंतर मोजता येते, कारण नाक कोठे आहे हे परीक्षकास ठाऊक असते. विचार कोठे पोहोचावयास हवा होता, हे कोणी व कशाने ठरवावयाचे? शब्द शरीराकडून मनाकडे आला, पण त्याच्याबरोबर यावयास हवे होते ते माप आले नाही. त्यामुळे भ्रम, भास, निरुत्साह अशा परस्परांहून भिन्न लक्षणांना एकच नाव मिळाले. नाव मिळणे म्हणजे कारण मिळणे नव्हे.

पुरावा मात्र अगदीच क्षीण नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री विश्लेषणात ९८३ रुग्ण व १३४९ निरोगी व्यक्ती यांच्या मेंदूंची तुलना झाली, आणि रुग्णांच्या अनुमस्तिष्काचे करडे द्रव्य कमी आढळले. दोन्ही गटांतील व्यक्तींची मापे एकमेकांत पुष्कळच मिसळतात, हेही तितकेच खरे. एखाद्या व्यक्तीचे चित्र पाहून तिचे निदान करता येत नाही.

‘जोडणी’च्या अभ्यासांबाबत अधिक सावधगिरी हवी. विश्रांतीच्या स्थितीतील चुंबकीय प्रतिमांकनात दिसते ती तंतूंची प्रत्यक्ष जोडणी नसून दोन भागांतील रक्तपुरवठ्याच्या चढउतारांची सांख्यिकीय सहचारिता असते. रुग्णाने डोके किंचित हलविले तरी ती बदलते. अस्वस्थ रुग्ण अधिक हलतो, हे सांगावयास नकोच. शिवाय अनेक जुन्या चित्रांत अनुमस्तिष्काचा खालचा भाग चौकटीबाहेरच राहिलेला असतो! या दृष्टीने रॉस्को ब्रेडी व सहकाऱ्यांचा २०१९ चा अभ्यास उजवा ठरतो. अनुमस्तिष्काच्या मध्यभागी चुंबकीय उद्दीपन दिल्यावर ललाटखंडाशी असलेली जोडणी आणि निरुत्साहादी लक्षणे यांत एकमेकांशी निगडित असा बदल त्यांना आढळला. येथे प्रयोगकर्त्याने हस्तक्षेप केला आहे, केवळ निरीक्षण नव्हे. परंतु उद्दीपनाच्या या गटात अवघ्या ११ व्यक्ती होत्या.

राहिला औषधांचा प्रश्न. चित्तविकृतीवरील औषधे हालचालींवर व मेंदूच्या आकारमानावरही परिणाम करतात. म्हणून संशोधकांस औषध न घेतलेला रुग्ण हवा असतो. असा रुग्ण बॉस्टनमध्ये दुर्मिळ, जालना जिल्ह्यासारख्या ठिकाणी मात्र सुलभ. त्याचे कारण अभिमानास्पद नाही. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी अशी चारच प्रादेशिक मनोरुग्णालये दीर्घकाळ होती; मराठवाड्यात एकही नव्हते. भोकरदन-जाफराबादकडील कुटुंबास शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील सैलानीचा दर्गा येरवड्याहून कितीतरी जवळ. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचारांवाचून राहिलेल्यांचे प्रमाण निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के आढळले. त्या सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेशही नव्हता. शास्त्रास जो ‘शुद्ध’ नमुना वाटतो, तो उपचारांच्या अभावाने शुद्ध राहिलेला असतो. त्याच्या परीक्षणासाठी औषध एक दिवसही लांबविणे समर्थनीय नाही.

तशी गरजही नाही. बोट नाकास लावणे, तळहात झरझर पालथा-उताणा करणे, टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालणे या चाचण्यांस यंत्र लागत नाही, आणि औषधाची पहिली मात्रा देण्यापूर्वी त्या थोड्याच मिनिटांत होतात. औषध न घेतलेल्या रुग्णांतही अशी अनुमस्तिष्कीय चिन्हे आढळतात, हे आयोवातील संशोधकांनी २००४ साली दाखविले आहे. मात्र नोंद करताना मद्यपान, कुपोषण आणि अपस्मारासाठी दीर्घकाळ घेतलेले फेनिटॉइन यांची चौकशी आधी व्हावयास हवी. कारण यांपैकी कोणतेही एक कारण अनुमस्तिष्कास इजा करते, आणि मग बोटाचा मापभ्रंश छिन्नमनस्कतेच्या खाती चुकीने जमा होतो.